कावीळ, ॲलर्जी, सांध्यांची पुडी : भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगाच

ऑपरेशन ठरले की घरात चौकशी होते ती सर्जनची. हात चांगला आहे का, किती वर्षांचा अनुभव आहे, आपल्यापैकी कुणाचे ऑपरेशन त्यांनी केले होते. भूल कोण देणार, हे विचारणारा नातेवाईक आम्हाला क्वचितच भेटतो. मग आदल्या दिवशी आम्ही वॉर्डात जातो आणि केस पेपर हातात घेऊन प्रश्न विचारू लागतो. कावीळ झाली होती का? दारू घेता का? कुठल्या औषधाने अंगावर काही उठले होते का? सांध्यांसाठी, दम्यासाठी काय घेता? हर्नियाच्या ऑपरेशनाचा आणि या उलटतपासणीचा काय संबंध, असा भाव तेव्हा रुग्णाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. उत्तर येते, "काही नाही डॉक्टर, सगळं नॉर्मल आहे."

आम्ही सरकारी रुग्णालयांत भूल देण्याचे काम करणारे डॉक्टर. त्या प्रश्नांमागची कारणे या लेखात सांगतो. यकृताचा आजार असलेल्या, ॲलर्जी असलेल्या, रोगप्रतिकारशक्ती बिघडलेल्या हजारो माणसांना रोज सुखरूप भूल दिली जाते. आजार माहीत असला की औषध बदलता येते, डोस बदलता येतो, तयारी ठेवता येते. अडचणीत आणतो तो न सांगितलेला आजार.

भूल म्हणजे एकच औषध नव्हे. एक झोप लावते, दुसरे वेदना थांबवते, तिसरे स्नायू सैल करते. स्नायू सैल झाले की आम्हाला श्वासनलिकेत नळी घालता येते आणि सर्जनला पोटात काम करता येते. ऑपरेशन संपल्यावर ही औषधे शरीरातून जायला हवीत. त्यांतल्या बऱ्याच औषधांची विल्हेवाट यकृत, म्हणजे लिव्हर, लावते. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतातच तयार होतात, आणि औषधांना रक्तात धरून ठेवणारे अल्ब्युमिन नावाचे प्रथिनही तिथेच. यकृत खराब असेल तर नेहमीचा डोस जास्त चढतो, रुग्ण उशिरा जागा होतो आणि रक्तस्राव लवकर थांबत नाही.

पायाच्या, हर्नियाच्या, बाळंतपणाच्या ऑपरेशनात कमरेत सुई देऊन शरीराचा फक्त खालचा भाग बधिर करतात. लोकांना ही भूल बिनधोक वाटते आणि बहुतेक वेळा ती तशी असतेही. पण रक्त गोठत नसेल, प्लेटलेट घसरलेल्या असतील, तर सुईच्या जागी रक्त साचून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. वेळीच लक्षात आले नाही तर पायांतली ताकद कायमची जाऊ शकते. म्हणून यकृताचा आजार आहे असे कळले की पीटी-आयएनआर आणि प्लेटलेटचा रिपोर्ट बघितल्याशिवाय आम्ही ती सुई हातात घेत नाही.

काविळीच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. कावीळ दाखवली जात नाही, ती 'उतरवली' जाते. कुणी गळ्यात माळ घालतो, कुणी हाताला झाडाच्या सालीचा रस लावून चुन्याच्या पाण्यात पिवळा रंग काढून दाखवतो. माळ लांबते कारण ओल्या काड्या वाळून आकसतात आणि दोरा सैल होतो. चुन्याच्या पाण्याने सालीचा रस कुणाच्याही हातावर पिवळा होतो, मांत्रिकाच्या स्वतःच्या हातावरसुद्धा. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. रक्ताची तपासणी मात्र राहून जाते. बी किंवा सी प्रकारचा विषाणू असेल तर डोळे पांढरे झाल्यावरही तो आत राहू शकतो आणि वर्षानुवर्षे यकृत पोखरत राहतो. मग पन्नाशीत पित्ताशयाच्या खड्याचे ऑपरेशन ठरते आणि रिपोर्टमध्ये यकृत आकसलेले निघते. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून सुरू आहे आणि त्यात बी व सी या दोन्हींची तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. सी प्रकारचा आजार तर गोळ्यांनी, बहुतेकांचा तीन महिन्यांत, पूर्ण बरा होतो. कधीकाळी कावीळ झाली होती आणि रक्त तपासलेच नव्हते असे ज्यांना आठवते, त्यांनी ऑपरेशनची वाट न बघता ही तपासणी करून घ्यावी.

डोळे आज पिवळे असतील आणि ऑपरेशन थांबता येण्यासारखे असेल, तर आम्ही ते पुढे ढकलतो. यावरून वॉर्डात भांडणे होतात. रजा टाकलेली असते, मजुरी बुडालेली असते, योजनेची मंजुरी हातात असते. तो राग आम्हाला कळतो. पण यकृताला ताजी सूज असताना दिलेली भूल आणि केलेले ऑपरेशन जिवावर बेतू शकते.

पिवळे डोळे म्हणजे दरवेळी यकृताचाच आजार असेही नाही. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. सिकलसेलमध्ये रक्तपेशी लवकर फुटतात, त्यातून पिवळेपणा येतो आणि पित्ताशयात खडेही होतात. म्हणून या रुग्णांवर तरुण वयातच पित्ताशयाचे ऑपरेशन करण्याची वेळ येते. शिवाय त्यांची प्लीहा बहुधा लहानपणीच निकामी होते. प्लीहा ही जंतूंशी लढणारी छावणी आहे. ती गेली की साधा न्यूमोनियाही झपाट्याने पसरतो, म्हणून त्यांच्या लसी पूर्ण असाव्या लागतात. भूल देताना अंग गार पडले, शरीरात पाणी कमी झाले किंवा प्राणवायू घटला की पेशी कोयत्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात, छातीत गंभीर त्रास होऊ शकतो. सिकलसेल आहे हे माहीत असेल तर आम्ही रुग्णाला रात्रभर तहानलेले ठेवत नाही, आधीपासून सलाईन लावतो, थिएटरमध्ये अंग गरम ठेवतो, गरज असेल तर आधी रक्त चढवतो. ज्यांच्या रिपोर्टवर 'एएस' म्हणजे वाहक असे आहे त्यांना सहसा त्रास होत नाही, पण तेही कळलेले बरे. कार्ड मिळालेले असेल तर ते लग्न जुळवण्यापुरते जपू नका, दवाखान्यातही आणा.

"आधी कधी भूल दिली होती का? त्यानंतर ताप, कावीळ?" या प्रश्नाला एक इतिहास आहे. १९५६ च्या सुमारास हॅलोथेन नावाचे श्वासातून देण्याचे औषध वापरात आले. ईथरसारखे ते पेट घेत नसे, रुग्णाला सुखाने झोप लागे. ते जगभर पसरले आणि आपल्याकडेही अनेक वर्षे वापरले गेले. पण काही रुग्णांना ऑपरेशननंतर काही दिवसांनी ताप येऊन कावीळ होई आणि त्यांतले काही दगावत. अमेरिकेत यावर मोठा अभ्यास झाला, १९६६ साली तो प्रसिद्ध झाला. सुमारे ३५ हजार भुलींमागे एक असा हा जीवघेणा प्रकार होता. पुढे उलगडा झाला की औषधाचा एक तुकडा यकृतातल्या प्रथिनांना चिकटतो आणि काही माणसांची रोगप्रतिकारशक्ती त्या प्रथिनांना परके समजून स्वतःच्याच यकृतावर तुटून पडते. पहिल्या वेळी शरीर ओळख करून घेते, दुसऱ्या वेळी हल्ला करते. त्यामुळे थोड्या अंतराने पुन्हा हॅलोथेन घेतलेल्यांना धोका जास्त असे. आज वापरात असलेल्या सेव्होफ्लुरेनपासून तो तुकडा तयारच होत नाही. तरी जुन्या ऑपरेशननंतर कावीळ झाली होती असे सांगितलेत तर आमची औषधाची निवड बदलते.

यकृत किती चालते आहे हे मोजायला 'चाइल्ड-प्यू' नावाची पद्धत आहे. यातला चाइल्ड म्हणजे लहान मूल नव्हे, ते एका सर्जनचे आडनाव. रक्तातले बिलिरुबिन, अल्ब्युमिन, गोठण्याचा वेळ, पोटातले पाणी आणि मेंदूवरची गुंगी या पाच गोष्टींवरून अ, ब, क असे गट पडतात. आकसलेल्या यकृताच्या रुग्णांवर पोटाची ऑपरेशने केल्यावर काय होते, याच्या जुन्या अभ्यासांत अ गटातले १०० पैकी सुमारे १०, ब गटातले सुमारे ३० आणि क गटातले ७५ ते ८० जण दगावले होते. आता काळजी सुधारली आहे, पण गटागटांतला फरक तसाच आहे. म्हणून क गटातल्या माणसाला आम्ही 'आधी यकृत सावरू, हर्निया नंतर बघू' असे सांगतो. ऑपरेशन टाळता येत नसेल तर यकृतावर विसंबून नसलेली औषधे निवडतो. स्नायू सैल करणारे अट्राक्युरियम हे औषध रक्तात आपोआप विरघळून मोडते, त्याला यकृत लागत नाही. झोपेची इंजेक्शने हात आखडून देतो, कारण त्यांनी आधीच मंदावलेला मेंदू पूर्ण गुंगीत जाऊ शकतो. घरी दुखण्यासाठी स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका हे अशा रुग्णांना मुद्दाम सांगावे लागते. पॅरासिटामोलसुद्धा त्यांना निरोग्या माणसाइतके चालत नाही.

आता दारू. आम्ही विचारतो आणि उत्तर मिळते, "कधीतरी." हे 'कधीतरी' महिन्यातून एकदाही असते आणि रोजची एक क्वार्टरही. पंचशील घेतलेल्या घरातला माणूस, मुलगा-सून शेजारी उभे असताना हे कबूल करायला किती ओशाळतो ते आम्ही बघतो. आम्हाला न्यायनिवाडा करायचा नसतो, डोस ठरवायचा असतो. रोज पिणाऱ्याला झोप लागायला औषध जास्त लागते. यकृत गेले असेल तर उलट थोडेसेही जास्त होते. आणि खरा धोका ऑपरेशननंतरचा. रोजची दारू अचानक बंद झाली की पहिल्याच दिवसापासून हात कापू लागतात, घाम सुटतो, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी माणूस बडबडू लागतो, भिंतीवर किडे दिसतात, सलाईन उपटतो, फिट येऊ शकते. नातेवाईक म्हणतात, "भूल डोक्यात गेली." भुलीचा संबंध नसतो. दारू सुटल्याचा हा झटका आहे आणि तो जीव घेऊ शकतो. आधी कळले तर पहिल्या दिवसापासून त्यावरची औषधे आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व सुरू करता येते. घरच्यांसमोर बोलायचे नसेल तर डॉक्टरांना म्हणा, "जरा बाजूला बोलायचं आहे." एवढ्यावर आम्हाला कळते आणि आम्ही नातेवाइकांना बाहेर पाठवतो.

काढ्यांचेही सांगा. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद कुठेही जावो, तुम्ही काय घेता ते आम्हाला माहीत हवे. टीबीच्या गोळ्यांचेही तेच. त्यांतल्या काही यकृताला त्रास देतात, आणि रिफाम्पिसिन यकृताचा वेग वाढवून इतर औषधांचा असर लवकर उतरवते.

रोगप्रतिकारशक्तीच्या आजारांत आम्हाला सर्वांत जास्त फसवते ती पुडी. गुडघे धरले, कंबर धरली की बाजाराच्या दिवशी कुणाकडून तरी बिननावाची पुडी किंवा गोळ्या आणल्या जातात. दोन दिवसांत माणूस उड्या मारू लागतो. असा झटपट गुण बहुधा स्टिरॉइडचा असतो. सहा महिन्यांत चेहरा गोल होतो, कातडी पातळ होते, जरा लागले की काळेनिळे पडते. शरीरात किडनीच्या डोक्यावर ॲड्रिनल नावाच्या दोन ग्रंथी असतात. त्या रोज स्वतःचे स्टिरॉइड बनवतात आणि ऑपरेशनसारख्या संकटात ते कित्येक पट वाढवतात. बाहेरून आयते मिळू लागले की त्या काम सोडून देतात. ऑपरेशन टेबलावर अशा माणसाचे ब्लडप्रेशर कोसळते आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. उपाय स्वस्त आहे. हायड्रोकॉर्टिसोनचे एक साधे इंजेक्शन भूल देतानाच टोचले की बहुतेक प्रसंग टळतो, पण टोचायचे आहे हे माहीत असावे लागते. डॉक्टरांच्या सल्ल्याने सांधेवात, दमा किंवा ल्युपससाठी प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. चार आठवड्यांपेक्षा जास्त घेतले असेल तर सांगा, आणि 'ऑपरेशन आहे म्हणून' मनाने एकदम बंद करू नका. दम्याचा पंप ऑपरेशनच्या दिवशी सकाळीही घ्यायचा असतो, आणि सोबत आणायचा असतो.

आमवातात, म्हणजे रुमॅटॉइड सांधेवातात, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. हाताची वाकडी बोटे सगळ्यांना दिसतात, मानेतला सैल झालेला सांधा दिसत नाही. श्वासनळीत नळी घालताना आम्ही मान मागे करतो आणि तेवढ्याने मज्जारज्जू दबू शकतो. म्हणून गुडघ्याच्या ऑपरेशनाआधी मानेचा एक्स-रे सांगितला तर 'पैसे काढायला' असे समजू नका. संध्याकाळी पापण्या उतरतात, चावताना जबडा थकतो असे कुणाला होत असेल तर तेही सांगा. तो मायस्थेनिया असू शकतो, आणि त्यात स्नायू सैल करणारे औषध नेहमीपेक्षा बरेच कमी लागते.

एचआयव्हीबाबत भीती वेगळी असते. सांगितले तर ऑपरेशनच नाकारतील. अशी नकारघंटा अजूनही ऐकू येते हे आम्ही नाकारत नाही. पण कायदा तुमच्या बाजूने आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे किंवा वेगळी वागणूक देणे त्याने बेकायदा ठरवले आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि तक्रारीसाठी राज्यात लोकपालाची तरतूद आहे. रुग्ण कोणताही असो, हातमोजे आणि सुयांची काळजी आम्हाला सारखीच घ्यावी लागते. एआरटीच्या गोळ्या सांगायच्या त्या वेगळ्या कारणासाठी. त्यांतली काही औषधे, विशेषतः रिटोनाविर, यकृताचा वेग मंदावतात, आणि मग मिडाझोलाम किंवा फेंटानिलचा असर लांबतो. गोळी चुकवू नका. बहुतेकांना ऑपरेशनच्या दिवशीही ती घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगतात.

राहिली ॲलर्जी. मराठीत आम्हाला इथे एक गंमतीची अडचण येते. "मला पित्त आहे," असे रुग्ण सांगतो. हे पित्त छातीत जळजळणारे की अंगावर गांधी उठवणारे? दोन्ही आम्हाला हवे असतात. जळजळ असेल तर भुलीत पोटातले आम्ल फुप्फुसात जाऊ नये याची तजवीज करावी लागते. गांधी उठत असतील तर कशाने, हे शोधावे लागते. म्हणून नुसते 'पित्त' म्हणू नका, काय होते ते सांगा.

आणि औषधाने त्रास झाला म्हणजे ॲलर्जीच असे नाही. गोळीने मळमळ, भुलीनंतर उलटी हे दुष्परिणाम आहेत. दातांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर छातीत धडधडले तर ते बहुधा त्यात मिसळलेल्या ॲड्रेनॅलिनने. बधिर करणाऱ्या औषधाची खरी ॲलर्जी फार क्वचित असते. 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा शिक्का असलेल्यांची नीट तपासणी केली तर दहांतल्या नऊजणांना ते चालते असे आढळले आहे. अंडे चालत नाही म्हणून प्रोपोफॉल हे दुधाळ इंजेक्शन चालणार नाही, ही भीतीही बहुधा निराधार. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणे, श्वास कोंडणे, चक्कर येऊन पडणे, हे इंजेक्शननंतर काही मिनिटांत झाले असेल तर मात्र ती गोष्ट अगदी बारीकसारीक सांगा. फुगा फुगवताना ओठ सुजतात, केळे किंवा पपई खाल्ल्यावर तोंड खाजते, असे असेल तर रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असू शकते, आम्ही वेगळे मोजे घेतो.

ब्रिटनमध्ये २०१८ साली एक देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. भुलीच्या वेळी जीवघेणी ॲलर्जी सुमारे १० हजारांत एकाला होते, असे त्यात आढळले. कारण कळलेल्या प्रकरणांत जवळजवळ निम्म्या वेळी दोषी भुलीचे औषध नव्हते, ॲंटिबायोटिक होते. तिसरा हिस्सा स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा, आणि दहावा हिस्सा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा, जे कातडी पुसायला वापरतात. झोपलेला माणूस 'खाज येते' असे सांगू शकत नाही आणि अंग हिरव्या कापडाखाली असते. आम्हाला कळते ते ब्लडप्रेशर कोसळल्यावर. त्यावरचे औषध ॲड्रेनॅलिन, आणि ते थिएटरमध्ये हाताशी असतेच.

असे काही घडले आणि रुग्ण सुखरूप घरी निघाला, तर डिस्चार्ज कार्डवर नुसते 'ड्रग रिॲक्शन' लिहून घेऊ नका. त्या वेळी कोणकोणती औषधे दिली होती, किती मिनिटांनी काय झाले, हे औषधांच्या नावांसह लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे. महिना-दीड महिन्याने कातडीवरची तपासणी करून नेमके कोणते औषध ते शोधता येते, मोठ्या रुग्णालयांत ही सोय असते. त्या कागदाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि घरात आणखी एकाकडे तो असू द्या. अपघातात बेशुद्ध आणलेल्या माणसाला आम्हाला काहीच विचारता येत नाही.